रिव्हॉल्व्हरच्या नळीतील दोष

रिव्हॉल्व्हरच्या नळीतील दोष म्हणजे नळीच्या धातूत, आतील छिद्रात, सर्पिल खाचांत, तोंडाच्या कडेत किंवा सांगाड्यावरील बसवणुकीत राहिलेली अशी उणीव, की जिच्यामुळे गोळीचा मार्ग बदलतो, नेम विखुरतो अथवा क्वचित प्रसंगी नळी फुगून वा फुटून नेमबाजास इजा होते. लक्ष्यवेधासाठी घेतलेल्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये असा दोष विशेष अडचणीचा ठरतो. शस्त्र नवे असल्यामुळे नेमबाज प्रथम स्वतःच्या हातालाच दोष देतो. उलट काही वेळा चूक हाताची, काडतुसांची किंवा फिरत्या नळकांड्याची असते आणि ठपका नळीवर येतो. म्हणून दोषाचे स्थान निश्चित करणे हा या विषयाचा गाभा आहे. भारतात शस्त्राची दुरुस्ती परवान्याशी बांधलेली असल्याने त्यास कायद्याचीही बाजू आहे.

नळीची रचना

पिस्तुलात काडतूस ठेवण्याचे घर नळीच्याच मागील भागात असते. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र ही घरे वेगळ्या फिरत्या नळकांड्यात असतात. त्यास सिलिंडर म्हणतात व त्यात बहुधा सहा घरे असतात. चाप ओढला की सिलिंडर फिरतो, एक घर नळीच्या समोर येते व गोळी त्या घरातून सुटून एक बारीक फट ओलांडून नळीत शिरते. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट साधारणपणे ०.१० ते ०.२० मिलिमीटर असते. गोळीला आत शिरणे सोपे जावे म्हणून नळीचे मागील मुख नरसाळ्यासारखे निमुळते केलेले असते.

नळीच्या आत सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळीस स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते आणि भोवरा फिरताना जसा तोल राखतो तशी ती हवेत स्थिर राहते. नळीची बाहेरची बाजू मागील टोकास आट्यांनी सांगाड्यात घट्ट बसवलेली असते. नेम धरण्याची पुढची माशी नळीवर असते, तर मागील खाच सांगाड्यावर असते. त्यामुळे नळी किंचित जरी तिरपी बसली, तरी दोन्हींचा मेळ बिघडतो.

दोषांचे प्रकार

नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये आढळणारे दोष पुढीलप्रमाणे आहेत.

१. तिरपी बसवणूक : नळी आट्यांवर कमी किंवा जास्त फिरवली गेल्यास माशी एका बाजूस कलते. गोळ्यांचा गट लहान राहतो, परंतु तो सतत डावीकडे किंवा उजवीकडे लागतो.

२. आट्यांपाशी आवळलेली नळी : नळी सांगाड्यात अतिशय जोराने कसल्यास त्या जागी आतील छिद्र किंचित अरुंद होते. शिशाची गोळी तेथे दाबली जाते आणि पुढे रुंद भागात आल्यावर खाचांना नीट धरत नाही. तेवढ्याच पट्ट्यात शिसे साचणे ही याची प्रमुख खूण होय.

३. मागील मुखाचा खडबडीतपणा : निमुळत्या मुखावर हत्याराचे ओरखडे राहिल्यास किंवा ते मध्याशी जुळत नसल्यास गोळीची एक बाजू तासली जाते. शिशाचे कण फटीतून बाजूस उडतात आणि शेजारी उभ्या असलेल्या नेमबाजासही लागू शकतात.

४. खाचांवरील खुणा : खाचा कोरताना हत्यार थरथरल्यास आडव्या लाटांसारख्या रेषा उमटतात. अशा नळीत शिसे लवकर साचते व काही गोळ्यांनंतर नेम ढासळू लागतो.

५. तोंडाच्या कडेतील दोष : गोळी नळी सोडते त्या क्षणी तिच्यामागचा वायू चहूबाजूंनी सारखा बाहेर पडला पाहिजे. कडेवर टवका असेल किंवा धातूचा बारीक बर उरला असेल, तर वायू एका बाजूने आधी सुटतो व गोळी ढकलली जाते.

६. तडा व फुगवटा : धातूतील तडा हा सर्वांत गंभीर दोष होय. फुगवटा मात्र बहुधा कारखान्यातील नसतो. दारू कमी पडल्याने एक गोळी नळीत अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली, तर नळी त्या जागी फुगते. आत पाहिल्यास तेथे काळसर कडे दिसते.

दोषासारखी भासणारी कारणे

नळीवर दोष ठेवण्यापूर्वी इतर शक्यता वगळाव्या लागतात. नव्या शस्त्राच्या नळीत गंज टाळण्यासाठी लावलेले दाट ग्रीस असते. ते पूर्ण न पुसता गोळ्या झाडल्यास पहिल्या काही गोळ्या भरकटतात. काडतुसांच्या दोन खेपांमध्येही फरक असतो. एका खेपेने विखुरलेला गट दुसऱ्या खेपेने आवळला गेला, तर दोष नळीचा नसतो.

सिलिंडरच्या घरांचे पुढचे तोंड हे आणखी एक कारण आहे. ते तोंड नळीतील खाचांच्या व्यासाइतके किंवा किंचित मोठे असावे लागते. ते लहान असल्यास गोळी नळीत शिरण्यापूर्वीच बारीक होते आणि सैल धावते. परिणाम नळीच्या दोषासारखाच दिसतो, पण उपाय सिलिंडरवर करावा लागतो. सैल झालेली मागील खाच, सांगाड्याचे ढिले स्क्रू आणि चाप ओढताना मनगटास बसणारा झटका ही कारणेही नेहमीची आहेत.

तपासणीची पद्धत

तपासणीची पहिली पायरी म्हणजे सिलिंडर बाहेर काढून सर्व घरे रिकामी असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करणे. काडतुसे त्या खोलीतूनच दूर ठेवतात. त्यानंतर नळी स्वच्छ करून मागून प्रकाश टाकतात व तोंडाकडून आत पाहतात. सरळ नळीत प्रकाशाची वर्तुळे एककेंद्री दिसतात. काळे कडे, रेघ किंवा एकाच पट्ट्यात साचलेले शिसे दिसल्यास त्याची जागा टिपून ठेवतात. पुढची माशी सांगाड्याच्या वरच्या कडेशी काटकोनात आहे का, हेही पाहतात.

तडा, फुगवटा किंवा अडकलेली गोळी यांपैकी काहीही आढळल्यास किंवा त्याची नुसती शंका आल्यास पुढे एकही गोळी झाडत नाहीत. झाडून पाहणे ही अशा वेळी चाचणी नसून अपघातास निमंत्रण असते.

अशी कोणतीही खूण नसेल, तरच प्रत्यक्ष गोळीबाराची तपासणी अधिकृत रेंजवर करतात. शस्त्र वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर, एकाच खेपेच्या काडतुसांनी, प्रत्येक घराचा गट वेगळ्या कागदावर घेतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर अचूकता लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. टेकवून झाडलेला गट त्यात मावत नसेल, तर शस्त्राकडे किंवा काडतुसांकडे पाहावे लागते. कागदांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावतात.

– एकाच घराच्या गोळ्या बाहेर जात असल्यास दोष त्या घराचा असतो, नळीचा नव्हे.
– सर्व घरांचे गट लहान, पण एकाच बाजूस लागत असल्यास माशी, मागील खाच किंवा नळीची बसवणूक तपासतात.
– सर्व घरांचे गट सारखेच विखुरलेले असल्यास काडतुसांची खेप बदलून पाहतात. तरीही ते तसेच राहिल्यास नळीचा संशय बळावतो.
– कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडल्यास गोळी आडवी होत असल्याचे ते लक्षण असते.

शेवटची तपासणी जाणकार कारागिराची असते. तो मऊ शिशाचा तुकडा तेल लावून नळीतून हलकेच सरकवतो. तुकडा कोठे अडतो यावरून अरुंद जागा कळते व त्यावर उमटलेल्या ठशाचा व्यास मायक्रोमीटरने मोजता येतो.

प्रूफ-चाचणी

नळीची मजबुती ठरवण्यासाठी विक्रीपूर्वी नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस झाडून पाहतात. तिला प्रूफ-चाचणी म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त असे नोंदले आहे की, पूर्वी नळीचा केवळ चौथा भाग दारूने भरता येई, परंतु अकबराच्या काळात सुधारलेल्या कृतीमुळे ती काठोकाठ भरली तरी फुटत नसे. लंडनमधील बंदूक-कारागिरांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. लहान शस्त्रांच्या चाचणीसाठीचा आंतरराष्ट्रीय आयोग १९१४ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या नियमांनुसार पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांची चाचणी कमाल मान्य दाबापेक्षा ३० टक्के अधिक दाबाने होते.

चाचणीची मोहर नळी फुटणार नाही असा विश्वास देते, पण नेम अचूक लागेल अशी हमी देत नाही. तिरपी बसवणूक किंवा खडबडीत मुख असलेले शस्त्रही ही चाचणी उत्तीर्ण होऊ शकते.

स्पर्धेतील महत्त्व

रिव्हॉल्व्हर वापरता येईल असा प्रमुख आंतरराष्ट्रीय प्रकार म्हणजे २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल. त्यात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची शस्त्रे चालतात व ६० गोळ्या झाडाव्या लागतात. जसपाल राणा यांनी या प्रकारात १९९४ च्या हिरोशिमा व २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले. दोहा येथील त्यांच्या ५९० गुणांनी तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी साधली. ६०० पैकी केवळ दहाच गुण गमावण्याच्या या पातळीवर शस्त्रातील सूक्ष्म उणीवही निकाल फिरवू शकते.

शस्त्र ऐन वेळी बिघडल्यास काय होते, याचे बहुपरिचित उदाहरण एअर पिस्तुलाचे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी १० मीटर प्रकारात मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि दुरुस्तीत वेळ गेला. ५७५ गुणांसह त्या बाराव्या आल्या व अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

२५ मीटरच्या स्पर्धेत बिघाड झाल्यास नेमबाजाने शस्त्राचे तोंड लक्ष्याच्या दिशेसच ठेवून मोकळा हात वर करावयाचा असतो. पंच येईपर्यंत शस्त्र उघडावयाचे नसते. गोळी नळीत अडकणे हा नियमांनुसार ग्राह्य बिघाड मानला जातो.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा मोठी आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटनेची स्थापना १९५१ मध्ये झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर हे तिचे संस्थापक असून त्यांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. मुंबईत वरळी व पुण्यात बालेवाडी येथे रेंज आहेत. नवी मुंबई परिसरात पनवेल येथे ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले.

भारतातील कायदेशीर बाजू

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची निर्मिती व विक्री यांप्रमाणेच धंदा म्हणून त्यांची दुरुस्ती व चाचणी करण्यासही परवाना लागतो. त्यामुळे नळी ओळखीच्या लेथ-कारागिराकडे नेता येत नाही. दुरुस्तीसाठी शस्त्र दुसऱ्याच्या हाती पाठवायचे झाल्यास ते परवानाधारकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानेच नेता येते. कलम ८ नुसार शस्त्रावरील क्रमांक व ओळखखुणा पुसणे किंवा बदलणे निषिद्ध आहे. नळी बदलताना ही बाब महत्त्वाची ठरते. आयात व निर्यात यांसही स्वतंत्र परवाना लागत असल्याने परदेशी शस्त्र उत्पादकाकडे परत पाठवणे वेळखाऊ असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकास दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे सदोष शस्त्र बाजूला ठेवून तिसरे घेणे त्यास शक्य नसते.

नवी मुंबईत शस्त्र परवान्याचे काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. शस्त्र विक्रेत्याकडे परत देणे, बदलून घेणे किंवा त्याची नळी बदलणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी परवान्यावरील नोंदीविषयी तेथे विचारणा करणे आवश्यक ठरते.

तक्रार व दाद

दोष सिद्ध करण्यासाठी शस्त्र विकत घेतले त्या स्थितीत राहणे आवश्यक असते. मालकाने स्वतः कानस किंवा पॉलिश लावल्यास कारखान्याचा दोष व मालकाची करणी यांतील सीमारेषाच पुसली जाते. पावती, काडतुसांच्या खेपेचा क्रमांक, तारखांसह गटांचे कागद आणि छायाचित्रे हा खरा पुरावा होय. विक्रेत्यास प्रथम लेखी कळवतात.

दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तिची मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते. नवी मुंबईचा विस्तार ठाणे व रायगड या दोन जिल्ह्यांत असल्याने आपला विभाग कोणत्या जिल्ह्यात येतो हे आधी पाहावे लागते. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो व अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे.

हवामान व निगा

ठाणे खाडीकाठच्या दमट, खारट हवेत आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत नळीत गंजाचे खड्डे लवकर पडतात. चामड्याच्या म्यानात दीर्घकाळ ठेवलेले शस्त्र ओलावा धरते. असे खड्डे पुढे कारखान्याच्या दोषासारखे दिसतात आणि तक्रार दुबळी करतात. म्हणून नवे शस्त्र हाती येताच नळीची पहिली तपासणी करून छायाचित्रांसह नोंद ठेवणे हितावह असते. दोष मूळचा की नंतरचा, हे पुढे त्या नोंदीवरूनच ठरवता येते.

हे सुद्धा पहा

– रिव्हॉल्व्हर
– नेमबाजी
– भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना
– शस्त्र अधिनियम, १९५९