तांबड्या विंचवाची नावे

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्याच्या गडग्यात, पेंढ्यात आणि कौलारू घरांच्या वळचणीला आढळणारा तांबडा विंचू शास्त्रीय ग्रंथांत ‘हॉटेन्टोटा टॅम्युलस’ म्हणून नोंदलेला असून त्याच्या विषातून वेगळ्या केलेल्या एका प्रथिनाला ‘आयबेरियोटॉक्सिन’ म्हणतात. म्हणजे एकाच जिवाच्या नावांत दक्षिण आफ्रिका, तमिळ प्रदेश आणि स्पेन एकत्र आले, कोकण मात्र आले नाही.

‘हॉटेन्टोटा’ हे प्रजातीचे नाव १९०८ मधले, आफ्रिकेतील खोइखोइ लोकांच्या जुन्या युरोपीय नावावरून घेतलेले. ‘टॅम्युलस’ त्याहून जुने असून ते फॅब्रिसियस या कीटकशास्त्रज्ञाने १७९८ मध्ये दिले. दगडाखाली राहणाऱ्या जिवाचे नाव लॅटिनमधील ‘ट्युम्युलस’ म्हणजे उंचवटा या शब्दावरून आले असावे असे कोणास वाटेल, परंतु पहिल्याच स्वराचा मेळ बसत नाही. उलट त्या काळचे युरोपीय लोक तमिळला ‘तामुल’ म्हणत, फॅब्रिसियस डॅनिश राजाचा प्रजाजन होता आणि तमिळ प्रदेशातील तरंगमबाडी ही डॅनिश वसाहत होती. तेव्हा हे नाव तमिळ प्रदेशावरूनच पडले, हेच मानणे युक्त.

खरे कोडे ‘आयबेरियो’चे आहे. पेशीच्या आवरणातील, पोटॅशियम आत-बाहेर जाऊ देणाऱ्या दारांपैकी कॅल्शियमने उघडणारे एक मोठे दार हे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन नेमके बंद करते, म्हणून ते जगभरच्या औषधसंशोधनात कसोटीचे साधन ठरले. हा विंचू आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, राहत नाही. तेथील ‘बुथस’ विंचवाशी गल्लत झाली म्हणावे, तर हे प्रथिन प्रथम वेगळे करणाऱ्या १९९० च्या मूळ निबंधातच ‘बुथस टॅम्युलस’ असे या विंचवाचे तेव्हाचे नाव स्पष्ट दिले आहे. मात्र त्या निबंधाच्या लेखकांत गाल्वेझ, हिमेनेझ-गायेगो आणि गार्सिया ही स्पॅनिश आडनावे आहेत. नावाचा उगम विंचवाच्या नव्हे, तर संशोधकांच्या मायभूमीत शोधावा, हेच अनुमान सर्वांत बळकट ठरते.

कोकणाचे नाव एकदा लागले होते. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १९०० मध्ये ‘कोंकनेन्सिस’ हा उपप्रकार वेगळा काढला. पुढे तो मूळ जातीतच विलीन केला गेला. परंतु पेशीतील मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकांचे क्रमवाचन केल्यावर या जातीत जनुकीय विविधता आढळली आहे, म्हणून तो निकाल अंतिम मानणे घाईचे होईल.

मराठीने मात्र या विषाला स्वतःचा शब्द दिला. विष ‘चढते’, म्हणून त्यावरील उपाय तो ‘उतारा’. दंशानंतर शरीरात उत्तेजक द्रव्यांचा लोंढा येऊन रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब खरोखरच चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोकणातील महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्तदाब उतरवणारे प्राझोसिन हे औषध याच अवस्थेवर वापरात आणले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत ७० रुग्ण होते. प्राझोसिनबरोबर प्रतिविषही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, तर केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ पैकी आठ.

या विंचवाच्या रूढ शास्त्रीय नावात कोकण उरलेले नाही. त्याच्या उताऱ्यात मात्र आहे.