चूक शोधणाऱ्याचे नाव

शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. सुमारे तीनशे वर्षांच्या नकलांमधून ग्रंथात जे अबद्ध साचले होते ते त्यांनी काढून टाकले आणि पुढे कुणी त्यात आपल्या ओव्या मिसळू नयेत अशी ताकीदही देऊन ठेवली. दुसऱ्याच्या कृतीतील चुका शोधणाऱ्याला आपल्या वाङ्मयेतिहासात इतका मान पुन्हा क्वचितच मिळाला असेल. छापखाने आले, त्यांच्याबरोबर मुद्रितशोधक आले. पण आपल्या अभ्यासक्रमात लेखक असतो, प्रकाशकही असतो, मुद्रितशोधक मात्र नसतो.

हे आम्हांला आठवण्याचे कारण अगदी वेगळे आहे. अंबाजोगाईकडचा, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला आमचा एक विद्यार्थी काही वर्षे पुण्यात व्हिडिओ गेम तपासण्याचे काम करून परतला. कोणता गेम, असे आम्ही विचारले. सांगता येत नाही, तसे लिहून दिले आहे, असे तो म्हणाला. गेमच्या शेवटी जी नामावली सरकते तीत तुझे नाव आहे का, असेही विचारले. त्यावर तो हसला. तो ज्या कंत्राटदार कंपनीच्या पटावर होता, तिचे नाव होते म्हणे.

गावात त्याची ख्याती 'गेम खेळायचा पगार घेणारा' अशी होती. प्रत्यक्षात काम कसे चालते ते त्याच्याकडून ऐकण्यासारखे आहे. एकच दालन, त्याच्या प्रत्येक भिंतीला पात्र नेऊन धडकवायचे, कोपऱ्यात उड्या मारायच्या, दार उघडतानाच खेळ थांबवायचा, कन्सोलची तार मध्येच उपटायची. कुठे पात्र भिंतीतून आरपार गेले की खरे काम सुरू होते. तीच चूक पुन्हा घडवून दाखवायची. दहा प्रयत्नांत किती वेळा घडली ते नोंदवायचे. काय व्हायला हवे होते आणि काय झाले हे दोन स्वतंत्र ओळींत लिहायचे. वर्णनात एक विशेषण जास्त झाले तरी नोंद परत येई. (आमच्या समीक्षा-लेखनाच्या तासाला त्याने ही शिस्त दाखवली असती तर!) दुसऱ्या दिवशी गेमची नवी आवृत्ती येई आणि कालच्या सगळ्या भिंती पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागत. प्रकाशनाची तारीख जवळ आली की पाळी संपण्याची वेळ कागदावरच राही.

ह्या कामाला इतिहास आहे, आणि तो नावाच्या भांडणापासून सुरू होतो असे आमचे मत आहे. १९७०च्या दशकात अटारी कंपनी गेम लिहिणाऱ्यांची नावे छापत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट ह्या प्रोग्रामरने 'ॲडव्हेंचर' नावाच्या गेममध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात स्वतःचे नाव लिहून ठेवले. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपली नाममुद्रा ठेवतो, तसाच हा प्रकार. फक्त इथे मुद्रा लपवावी लागली. ती शोधून काढली एका मुलाने, गेम विकला जाऊ लागल्यानंतर. ह्याच नाराजीतून १९७९ मध्ये अटारीच्या काही प्रोग्रामरांनी बाहेर पडून 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी काढली आणि गेमवर कर्त्याचे नाव येऊ लागले.

घाईचे परिणामही त्याच काळात दिसले. १९८२च्या नाताळासाठी 'ई.टी.' हा गेम जेमतेम पाच आठवड्यांत तयार करण्यात आला. खेळणाऱ्याचे पात्र वारंवार खड्ड्यांत पडे. न खपलेल्या मालाचा काही भाग १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्दोच्या कचराभूमीत पुरला गेला. २०१४ मध्ये तो उकरून काढल्यावर ती दंतकथा नव्हती हे सिद्ध झाले. तपासणी हे स्वतंत्र काम आहे हे पुढे उद्योगाने मान्य केले. पण टेस्टरच्या हाती फक्त चूक सांगणे असते, ती दुरुस्त करायची की तशीच बाजारात सोडायची हे दुसरेच कुणी ठरवते. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' इतक्या दोषांसह आला की सोनीने काही महिने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. 'टेस्टर झोपले होते काय' असे तेव्हा अनेकांनी विचारले. आमच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न सर्वांत अन्यायाचा वाटतो. नोंदवलेल्या आणि 'दुरुस्त करणार नाही' असा शेरा मिळालेल्या चुकांची यादी त्याने पाहिलेली आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील रेव्हन सॉफ्टवेअर ह्या स्टुडिओत सुमारे बारा कंत्राटी टेस्टरांना कामावरून कमी करत असल्याचे कळवण्यात आले. सहकारी संपावर गेले, आणि मे २०२२ मध्ये तिथल्या टेस्टरांनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापन केली. हा स्टुडिओ ॲक्टिव्हिजनचा. श्रेय मिळावे म्हणून जन्मलेल्या कंपनीत चाळीस वर्षांनी हे घडावे ह्याला काय म्हणावे?

आपल्याकडे हे काम मुख्यतः पुण्यामार्गे आले. २००८ मध्ये युबिसॉफ्टने गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला. चाचणी हा तिथल्या कामाचा मोठा भाग राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या नव्या आवृत्तीची निर्मिती पुणे-मुंबईकडे असल्याचे जाहीर झाले तेव्हा मराठी मुलांना आनंद झाला. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलला गेले.

बीडच्या माणसाला मुकादम, उचल आणि हंगाम हे शब्द शिकवावे लागत नाहीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि हिशेबात बाईचे नाव बहुधा वेगळे येत नाही. वातानुकूलित दालनातल्या खुर्चीची फडातल्या उन्हाशी बरोबरी करणे उद्धटपणाचे होईल. आमच्या विद्यार्थ्यानेच आम्हांला तसे करू दिले नाही. त्याचे आईवडील तोडीला जात. "सर, मला निदान पाणी प्यायला उठता येत होतं," एवढेच तो म्हणाला. कंत्राट संपल्याचा निरोप मात्र आपल्याला मुकादमाकडून यावा तसाच आला, हेही त्याने सांगितले. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याच्या फार आधी तो एस.टी.ने परतला होता.

ह्या वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची मुद्रिते आम्ही त्याच्याकडे दिली. चार दिवसांनी ती आली तेव्हा प्रत्येक चुकीपुढे पान, ओळ, काय हवे, काय आहे आणि अंकात किती वेळा आहे, अशी नोंद होती. प्राध्यापकांच्या लेखांतल्या चुका विद्यार्थ्यांच्या लेखांपेक्षा अधिक निघाल्या, हे इथे कबूल करतो. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर तुझे नाव कसे छापू, असे आम्ही विचारले. त्याने ते पान पुढे ओढले आणि आधी 'मुद्रीतशोधन' ह्या शब्दातला दीर्घ खोडला.