जिन्याच्या तेरा पायऱ्या

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की एखाद्या वस्तूवरून घरात मतभेद व्हायचेच. यंदा आमच्या तळोद्याच्या घरी तो मान जिन्याला मिळाला. सागवानी तेरा पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या; चौथीवर भला थोरला काळा डाग. "अहो, नातवंडे येतील ती घसरतील. काढून टाका आणि फरशीचा करा," असे आमच्या सौभाग्यवतींचे मत. मी मात्र काचकागद घेऊन जिन्यात बसलो.

डाग काचकागदाला दाद देईना. त्या पायरीवर माझी आई ओली लोखंडी बादली टेकवीत असे. लोखंड आणि लाकडातले टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. जुन्या काळी दौतीतली शाई याच मेळातून करीत. शेवटी हातमोजे घालून ऑक्झॅलिक आम्लाचे पाणी लावले, स्वच्छ पाण्याने दोनदा धुतले, आणि खालून सोनेरी लाकूड उजळले.

सागाच्या अंगी तेल असते, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. अंगी वाळूचा अंशही असतो, म्हणून रंध्याचे पाते लवकर बोथट होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर उभे आहे. मग आमच्या जिन्याने एवढ्यात हार का मानावी?

आमचा साग मात्र दूरचा नव्हे. तो काठीच्या बाजूच्या डोंगरांतून बैलगाडीने उतरला, असे आजोबा सांगत. अक्कलकुव्याच्या वर सातपुड्यात वसलेले काठी हे खानदेशातल्या मेहवासी संस्थानांपैकी एक. तिथली राजवाडी होळी आज दूरदूरचे लोक पाहायला जातात. रात्रभर ढोल वाजतो आणि उंच बांबूची ती होळी पहाटे पेटते. पण त्या डोंगरांतल्या सागाची कहाणी ढोलाइतकी आनंदाची नाही.

मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे पहिले वनसंरक्षक झाले. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली आणि पुढे देशभर रूळांखाली घालायला लाकूड हवे झाले. १८६४ साली सरकारचे वनखाते उभे राहिले. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलात परवान्यावाचून झाड तोडणे हा गुन्हा ठरला. पैसे मोजून, पास काढून माझे पणजोबा तुळया आणू शकत होते. राखीव रानालगत राहणाऱ्या भिल्लाला मात्र स्वतःच्या झोपडीच्या मेढीसाठी परवानगी मागावी लागे. वनवासींवर झालेला हा अन्याय कायद्याच्या शब्दांत मान्य व्हायला २००६ साल उजाडले.

हे सारे मनात घोळत असताना सुतार आला. जिना पाहून म्हणाला, "अण्णा, फळ्या उलट्या करून बसवू. नवा जिना होईल." युक्ती जुनी आणि शहाणपणाची. एक फळी उपसून उलटी केली, तर खाली वाकसाचे घाव जसेच्या तसे! कोणा अनामिक हाताने ते ओंडके तासले होते. आणि वरचे खळगे? आजोबांचा धान्याचा व्यापार होता. माळ्यावर पोती वाहणारे हमाल बहुतेक डोंगरातून उतरलेलेच असत. आमच्या घराण्याची पावले हलकी होती; त्या पायऱ्या झिजवल्या त्या त्यांच्या ओझ्याने. आजोबांच्या वह्यांत पोत्यांचे आकडे आहेत, माणसांची नावे नाहीत.

मी तडजोड केली. सर्वांत खोल झिजलेल्या दोन फळ्या उलटवल्या, घाव राखून कड तेवढी गुळगुळीत केली. बाकीच्या अकरांवर रंधा चालवू दिला नाही. निसरडे पॉलिश टाळून जवसाचे तेल पातळ चोळले. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात. म्हणून दोरीवर सुट्या वाळवल्या. सौभाग्यवतींच्या समाधानासाठी भक्कम कठडा बसवला.

नरकचतुर्दशीच्या पहाटे नातीने प्रत्येक पायरीवर पणती ठेवली. खळग्यात ती बेताची बसत होती. "आजोबा, हा खड्डा कोणी केला?" तिने विचारले. मी तिला पायरीवर बसवले आणि काठीच्या डोंगरापासून सांगायला सुरुवात केली.