शरीअत, तरीकत आणि कलबुर्गीचे ख्वाजा

'धार्मिक' आणि 'आध्यात्मिक' हे दोन शब्द आपले विद्यार्थी अलीकडे परस्परविरोधी अर्थाने वापरताना दिसतात. नमाज-रोजा पाळणारा तो धार्मिक. दर्ग्यावर जाणारा, कव्वालीत रमणारा तो आध्यात्मिक. मौलवी कर्मठ आणि सूफी उदार, ही वर्गात सर्रास सांगितली जाणारी विभागणीही त्याच जातीची. तिच्या आडून कोणता मुसलमान 'चांगला' हेही नकळत ठरविले जाते, म्हणून ती निरुपद्रवी नाही. कलबुर्गी व बीदरच्या इतिहासाला ती लावून पाहणे उपयुक्त ठरेल.

हजरत ख्वाजा बंदानवाज गेसूदराज (रह.) यांचा जन्म १३२१ मध्ये दिल्लीत झाला. बालपणीची काही वर्षे दौलताबादेत गेली. वडिलांची कबर खुलदाबादला आहे. पुढे दिल्लीत ते हजरत नसीरुद्दीन चिराग देहलवी यांचे मुरीद झाले. १३९८ मध्ये तैमूरची स्वारी आली तेव्हा त्यांनी दिल्ली सोडली आणि सुमारे १४०० मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, ते गुलबर्ग्यास आले.

चिश्ती परंपरेप्रमाणे ते समाअ ऐकत. हिंदवी गीतातील मार्दवाची त्यांना विशेष जाण होती. एवढ्यावरून त्यांना 'आध्यात्मिक' गटात टाकणे सोपे आहे. परंतु हेच ख्वाजा कुराणाची तफसीर लिहीत, हदीस शिकवीत, आणि शरीअत सोडून तरीकत साधता येते हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. इब्न अरबींच्या अद्वैताकडे झुकणाऱ्या विचारांवर त्यांनी टीका केली. त्यावरून सय्यद अशरफ जहांगीर सिमनानी यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. ते संस्कृत शिकले होते, हिंदू पुराणकथा वाचल्या होत्या. मात्र ब्राह्मणांशी वाद घालताना त्या ज्ञानाचा ते उपयोग करीत. समन्वयाच्या भाषणांतून हा तपशील सहसा गाळला जातो. तो गाळू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्यांच्या दारी आज सर्व जातिधर्मांचे लोक येतात, ते ख्वाजा मतांच्या बाबतीत सैल नव्हते.

सुलतान फिरोजशहा बहमनी (१३९७–१४२२) यांच्याशी त्यांचे बिनसले, त्याची फरिश्त्याने दिलेली हकीकत बोलकी आहे. भूमिती व खगोलात रमणाऱ्या या विद्वान सुलतानाला ख्वाजा बाह्य विद्यांत, म्हणजे जाहिरी इल्ममध्ये, उणे वाटले. उलट सुलतानाचा भाऊ अहमद त्यांच्या खानकाहात नियमाने येई. फरिश्ता सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहितो, तेव्हा त्याचा शब्द जपूनच घ्यावा. वादाचे खरे कारण वारसाहक्काचे असावे: फिरोजला आपल्या मुलासाठी दुआ हवी होती, ख्वाजांचा कौल अहमदच्या बाजूने होता. १४२२ मध्ये अहमद तख्तावर बसला आणि त्याच वर्षी १६ जिल्काद रोजी ख्वाजांचे निधन झाले. म्हणजे 'अंतर्मुख' सूफी राजकारणापासून दूर होते असेही म्हणता येत नाही.

अहमदशहाने राजधानी बीदरला नेली. तेथे इराणमधील शाह निअमतुल्लाह किरमानी यांच्या घराण्याला त्याने बोलावून मोठा मान दिला. दुष्काळात त्याने टेकडीवर जाऊन दुआ केली, पाऊस पडला आणि लोक त्याला 'वली' म्हणू लागले, अशी कथा आहे. अष्टूर येथील त्याच्या मकबऱ्यात आतून अप्रतिम रंगकाम असून निअमतुल्लाही सिलसिल्याचा शजराही कोरून-रंगवून लिहिलेला आहे.

या राजाचा उरूस मात्र हिंदू पंचांगानुसार भरतो! कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचे लिंगायत जंगम अनुयायांसह येतात. शंख फुंकला जातो, नारळ वाढविला जातो. लिंगायत भाविक या वलीला अल्लमप्रभूंचे रूप मानतात. गुलाम यझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवरील १९४७ च्या ग्रंथात या परंपरेची नोंद केली आहे. ख्वाजांचा उरूस हिजरी जिल्कादच्या १५ ते १७ तारखांना, अहमदशहाचा चैत्र-फाल्गुनाच्या गणिताने; आणि सोलापूर, लातूरकडचे मराठी भाविक दोन्हींकडे जातात.

अष्टूरच्या या मेळ्याला विधिनिषेधाचे बंधन नसलेली मुक्त आध्यात्मिकता म्हणावे, तर तेथे तिथी ठरलेली, मानकरी ठरलेला, नारळ कोणी वाढवायचा तेही ठरलेले. घुमटाखाली फारसी शजरा आणि दाराशी शंख. आणि दोन्हींकडे नियम तितकेच कसोशीने पाळले जातात.