मुलांचे वय आणि घरची खरेदी
मूल तान्हे असताना खरेदीचा निर्णय सर्वस्वी पालकांचा असतो. तिथे कायदाही दक्ष आहे : १९९२ च्या कायद्याने पर्यायी दूध, शिशुआहार व दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातींना मनाई आहे.

शाळा सुरू झाली की खरेदीचा हंगाम जूनकडे सरकतो. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांसाठी गर्दी होते. गणवेश पालक वाढत्या अंगाचा घेतात; दप्तरावरचे चित्र मात्र मूल ठरवते.

पुढे व्यवहारही मुलाच्या हाती येतो. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये १० वर्षांवरील मुलांना स्वतः बचत खाते चालवण्याची मुभा दिली. परंतु १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती, म्हणजे सर्वसाधारणपणे १८ वर्षांखालील मुले, करार करण्यास पात्र नसतात.

या दोन टप्प्यांमधील आठ वर्षे निर्णायक असतात. मोबाइल, पादत्राणे, कपडे यांची निवड मित्रमंडळी पाहून होऊ लागते आणि घरात खटके उडतात. अशा वेळी ठरावीक हातखर्च द्यावा, त्याचा हिशेब मुलालाच लिहू द्यावा आणि महिनाअखेरीस पैसे संपल्यास वाढीव रक्कम देऊ नये. गरज आणि हौस यांतील फरक त्यातूनच उमगतो.