दिव्यांचा बदल आणि प्राप्तिकरातील घसारा : विठ्ठलवाडी परिसराच्या संदर्भात एक टिपण

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल प्रथम विठ्ठलवाडीस थांबते. पुढील स्थानक उल्हासनगर. सिंधी निर्वासितांच्या या वसाहतीची कोनशिला 8 ऑगस्ट 1949 रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसविण्यात आली, आणि तयार कपडे, फर्निचर अशा छोट्या कारखानदारीवर हा सारा टापू वाढला. शिवणयंत्रावर बसलेल्या कारागिरास भर दुपारीही दिवा लागतो. ऊर्जाबचतीसाठी दिल्या गेलेल्या करसवलतींचा इतिहास अशा कारखान्यातून पाहिला असता निराळाच दिसतो.

1961 च्या प्राप्तिकर कायद्याखालील नियमांत ऊर्जाबचतीच्या साधनांस घसाऱ्याचा विशेष दर होता. प्रारंभी 100 टक्के, पुढे 80 टक्के आणि 1 एप्रिल 2017 पासून कमाल 40 टक्के. वाढीव घसाऱ्याने कर माफ होत नाही, केवळ लांबणीवर पडतो; म्हणून ज्याचा नफा मोठा आणि भांडवली खर्चही मोठा, त्यालाच या सवलतीचे खरे मोल. सवलतीस पात्र साधनांची यादीही त्याच वळणाची होती. तीत विशेष बाष्पित्रे व भट्ट्या, वाया जाणारी उष्णता परत मिळविणारी यंत्रणा, मोटरींचे वेगनियंत्रक होते. एक किलो पाण्याचे बाष्प करण्यास 800 किलोकॅलरींहून अधिक उष्णता न घेणाऱ्या स्टेंटर यंत्रालाही तीत जागा मिळाली. इतक्या बारकाईने केलेल्या या यादीत दिव्यांना स्वतंत्र स्थान मात्र नव्हते. ब्रिटनने 2001 मध्ये सुरू केलेल्या अशाच योजनेत प्रकाशयोजनेचा समावेश होता, आणि अमेरिकेच्या 2005 च्या ऊर्जा कायद्यात इमारतीच्या अंतर्गत प्रकाशयोजनेसाठी वेगळी वजावट होती.

दिवा बदलणे ही चालू दुरुस्ती असून तिचा खर्च त्याच वर्षी वजा होतो, मग सवलत कशास, असा आक्षेप घेता येईल. तो निराधार नाही. परंतु संपूर्ण नवी जोडणी व फिटिंग भांडवली खर्चात मोडली, तर घसारा 10 टक्क्यांच्याच दराने मिळे. शिवाय 2010-11 या आर्थिक वर्षापासून विस्तारलेल्या अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या 8 टक्के नफा गृहीत धरला जाई व घसारा त्यातच वजा झाला असे मानले जाई. ही योजना स्वीकारणाऱ्या लहान व्यावसायिकास घसाऱ्याचा दर 80 असो वा 10, सारखाच.

दिवे बदलले ते किमतीमुळे. 2010-11 च्या अर्थसंकल्पाने एलईडी दिव्यांवरील उत्पादनशुल्क 8 वरून 4 टक्क्यांवर आणले. त्याहून मोठा परिणाम सामूहिक खरेदीचा झाला. 2014 मध्ये सरकारी खरेदीत सुमारे 310 रुपयांस पडणारा बल्ब, 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेच्या खरेदीत दोनच वर्षांत 38 रुपयांपर्यंत उतरला. खुल्या बाजारातील दरही घसरले. दहा जुन्या नळ्यांच्या जागी प्रत्येकी 30 वॅट कमी घेणाऱ्या नळ्या बसविल्या व त्या रोज दहा तास जळल्या, तर दिवसाकाठी 3 युनिट वाचतात. हा हिशेब कारखानदारास करसल्लागाराविना उमगतो.

पुढे वस्तू व सेवा कराखाली एलईडी दिव्यांवरील दर 18 जुलै 2022 पासून 12 वरून 18 टक्के झाला. नियमित नोंदणी असलेल्या व्यवसायास भरलेल्या कराची वजावट मिळते. आपसमेळ योजनेतील लहान व्यावसायिकास ती मिळत नसल्यामुळे ही वाढ त्याच्याच पदरी पडली.