गळती रोखणारी टाकी गळायला कशी लागली?

आजचा विषय ऐकून काहीजण नाक मुरडतील. आज बोलायचंय संडासातल्या फ्लशच्या टाकीबद्दल. मी बेंगळुरूत राहतो, आणि या शहरात टाकी गळते तेव्हा नेमकं काय वाया जातं, हे समजायला थोडा इतिहास लागतो.

जुन्या बिडाच्या टाक्या आठवतात? डोक्याच्या वर भिंतीला ठोकलेल्या, साखळी ओढायच्या. मुंबईच्या जुन्या इमारतींत अजून एखादी दिसते. इंग्लंडमध्ये या टाकीला ‘वॉटर वेस्ट प्रिव्हेंटर’ म्हणत, म्हणजे पाण्याची नासाडी थांबवणारी. नावात घाणीचा उल्लेखच नाही!

फ्लशचा संडास तोवर जुना झाला होता. सर जॉन हॅरिंग्टनने १५९६ मध्ये त्याचं वर्णन छापलं. अलेक्झांडर कमिंगने १७७५ मध्ये पेटंट घेतलं. वास अडवणारी, पाणी धरून ठेवणारी वाकडी नळी त्यातली. (थॉमस क्रॅपरने फ्लश शोधला ही गोष्ट सगळ्यांना आवडते, पण ती खरी नाही. तो नामांकित प्लंबर आणि विक्रेता होता.) खरी भानगड एकोणिसाव्या शतकात झाली. लंडनमध्ये घरोघरी नळाचं पाणी आलं, संडासही आले, आणि त्यांचे व्हॉल्व्ह झिजून दिवसरात्र गळू लागले. पाणी कंपन्या हैराण. मग १८७०च्या दशकात नियम झाला, की संडासाला नासाडी थांबवणारी टाकी हवीच आणि एका फ्लशला दोन गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ९ लिटरपेक्षा जास्त पाणी जाता कामा नये.

त्यातून रुळलेली सायफनची टाकी मला फार हुशार वाटते. आपल्याकडच्या टाकीत घंटेच्या आकाराचं जड टोपण असायचं. साखळी ओढली की ते उचललं जायचं, सोडली की धपकन खाली यायचं. त्या धक्क्याने पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडावरून पलीकडे पडायचं, आणि एकदा धार सुरू झाली की मागचं सगळं पाणी तिच्यामागून ओढलं जायचं. आत हवा शिरली की धार तुटली. आता गंमत बघा: बाहेर नेणाऱ्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर. पाणी अडवायला तळाशी रबर नाही, वॉशर नाही. झिजायलाच काही नाही, तर तिथून गळणार कुठून?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. भरणारा बॉलकॉक बिघडला, तर जास्तीचं पाणी भिंतीतून बाहेर काढलेल्या एका बारीक नळीने पडायचं. अंगणात नाहीतर बोळात टपटप सुरू. शेजारी ओरडायचे, “अहो, तुमची टाकी वाहतेय!” ही नळी चुगलीसाठीच होती.

आता बेंगळुरूला येऊ. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरं १८९०च्या दशकात आखली गेली, १८९८च्या प्लेगनंतर त्यांची वस्ती वाढली. तिथे घरांमागे अरुंद गल्ल्या ठेवल्या होत्या, त्यांना कन्झर्व्हन्सी लेन म्हणत. त्या कोणासाठी? मागच्या दाराने येऊन मैला उचलणाऱ्या माणसांसाठी. हेसरघट्टा तलावाचं पाणी नळाने १८९६ मध्ये शहरात आलं, तरी माणसाने डोक्यावरून मैला वाहणं कर्नाटकात पुढे कित्येक दशकं चालू राहिलं. १९७०च्या दशकात बी. बसवलिंगप्पा या मंत्र्यांनी त्यावर बंदी आणली. मुंबईपासून कोकणापर्यंत आपलाही इतिहास वेगळा नाही. कणकवलीजवळच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी याच कामात आयुष्य घातलं. म्हणून फ्लशला नावं ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या टाकीतलं पाणी एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवतं. नेमक्या त्याच कारणासाठी ते नुसतं गटारात वाहू देणं मला खटकतं.

जाता जाता एक. विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासला धरणावर १९०३ मध्ये पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडणारे आणि उतरलं की मिटणारे दरवाजे बसवले. पुढे ते म्हैसूरचे दिवाण झाले. टाकीतला बॉलकॉक याच जातीचा: पाण्याची पातळीच दार चालवते.

मग बिघडलं कुठे? सायफनला एकदम पूर्ण फ्लश द्यावा लागतो, साखळी ओढायला जोर लागतो. बटणाची, तळाशी रबरी वॉशर असलेली टाकी सोपी आणि सुबक. ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसनने १९८० मध्ये दोन बटणांची टाकी आणली, अर्धा आणि पूर्ण फ्लश. पाणी वाचवणारीच कल्पना, आणि जगभर पसरली. ब्रिटनने मात्र व्हॉल्व्हच्या टाकीला २००१ पर्यंत दार बंद ठेवलं होतं. या टाकीत वॉशर झिजला की पाणी कमोडमध्ये झिरपतं, आणि बॉलकॉक बिघडला तरी जास्तीचं पाणी आतल्या आतच कमोडमध्ये उतरतं. चुगली करणारी नळी गेली.

हिशेब करा. मिनिटाला १०० मिलिलिटर गळती, म्हणजे कमोडच्या कडेने जेमतेम दिसणारा ओघळ. दिवसाला १४४ लिटर! आपल्याकडे शहरातल्या एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. म्हणजे घरात एक न दिसणारा पाहुणा राहायला आला. आणि कावेरीचं पाणी बेंगळुरूला सुमारे १०० किलोमीटरवरून, टप्प्याटप्प्याने पंप करत, जवळपास अर्धा किलोमीटर उंच चढवून येतं. मार्च २०२४च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड होता. गळत्या टाकीला दंड कोण लावणार, दिसायला तर हवी?

आमच्या टाकीने हेच केलं. आलेला प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाड्याचा. देशभर प्लंबर पुरवणारा जिल्हा तो. कन्नडमध्ये म्हणाला, “पूर्ती चेंज माडबेकु, सार.” पूर्ण बदला. मी आधी रंग टाकून बघू म्हटलं. टाकीत खाण्याचा थोडा रंग घालायचा, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. कमोडमध्ये रंग उतरला तर वॉशर गळतोय. उतरला. मग अँगल कॉक बंद करून व्हॉल्व्ह फिरवून बाहेर काढला. रबर धड होतं, पण त्यावर पांढरा थर. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार तो. बेंगळुरूत घराघरात असतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून पुसला, बसण्याची कडाही पुसली, आणि गळती थांबली.

रबर कडक झालं असेल तर वॉशर बदला. प्लास्टिकचा दांडा किंवा आटे तुटले असतील तर मात्र पूर्ण सेटच घ्यावा, जुगाड टिकत नाही. दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्या, कारण एका कंपनीचा वॉशर दुसरीला क्वचितच बसतो. टाकी भिंतीच्या आत दडवलेली असेल, तर टाइल फोडायची घाई करू नका. बटणाची पट्टी काढली की तिथूनच हात आत जातो.